मनापासून दिलं होतं का?

नाना रिक्षातून उतरेनात.

“आलंय आपलं ठिकाण,” मी म्हटलं.

“दिसतंय मला.”

“मग उतरा ना.”

“सोबत येईन म्हणालो होतो. आलो. आत जाईन असं म्हणालो नव्हतो.”

माझे वडील असंच बोलायचे. शब्द तोलून द्यायचा आणि कबूल केल्यापेक्षा गुंजभर जास्त कुणाच्या पदरात पडू द्यायचा नाही. उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला त्यांचा. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांचं वजन त्यांच्या नजरेखालून जायचं. काट्यावर तासगावकर असले की पावती वाचायचीसुद्धा गरज नाही, असं शेतकरी म्हणायचे. ते ऐकून नाना खूश व्हायचे आणि लगेच म्हणायचे, “तरी वाचत जा.”

आई केव्हाच उतरली होती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन ती आश्रमाच्या कमानीपाशी उभी होती. तिने विनवण्या केल्या नाहीत की चिडलीही नाही. “अहो,” ती म्हणाली, “ऊन लागतंय मला.”

नाना उतरले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. ती कमान ‘शुभ्रमार्ग’ परिवाराची होती, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यभराची कमाई त्या कमानीच्या आत नेऊन ठेवली होती.

शुभ्रमार्गातले सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे हलक्या आवाजात बोलणारे. त्यांचे गुरू, ज्यांना सगळे तात म्हणत, ते तर बोलतच नसत. वाणी शुद्ध राहावी म्हणून त्यांनी मौन घेतलं होतं. काही सांगायचं झालं तर मांडीवरच्या पाटीवर लिहायचे, शेजारी बसलेले कारभारी माधवभाऊ ते वाचून दाखवायचे, आणि मग तात स्वतःच्या हाताने पाटी पुसायचे. भक्तांना त्यात फार मोठा अर्थ दिसायचा. मला एवढंच दिसायचं की पुसलेल्या पाटीचा पुरावा कुठे उरत नाही.

आमच्या भागात या मंडळींवरून उघड दोन तट पडले होते. कुणा विधवेने राहतं घर लिहून दिलं, कुणा म्हाताऱ्याची मळ्याची जमीन गेली, अशा बातम्या अधूनमधून छापून यायच्या. एका गावात त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला, तर पुढच्याच आठवड्यात पांढऱ्या कपड्यांचा त्याहून मोठा निघाला.

नाना तिकडे वळले ते जोगकाका गेल्यावर. काट्यावर दोघं बरोबर लागले, बरोबर निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या सत्काराचा हारही वाळला नसेल तोच काका गेले. नाना दिवसदिवस गप्प बसायला लागले. मग कुणीतरी त्यांना शुभ्रमार्गाच्या सभेला घेऊन गेलं. “तिथे कुणी सल्ले देत नाही,” ते मला म्हणाले, “बसू देतात.” मला वाटलं, बसू देत बापडे. पुढे त्यांनी काय केलं ते मला सगळं उरकल्यावर कळलं. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेनऊ लाख रुपये त्यांनी आश्रमाच्या धान्यकोठारासाठी देऊन टाकले. रीतसर चेक, रीतसर पावती, रीतसर विधी. सगळं रीतसर, हेच तर दुखणं होतं.

ते पैसे कशाचे होते हे सांगते. आईचा सगळा संसार कारखान्याच्या क्वार्टरमध्ये झाला. भिंतीला खिळा मारायचा तरी नाना म्हणायचे, “भिंत आपली नाही.” निवृत्तीनंतर स्वतःचं घर, एवढ्या एका गोष्टीवर तिने सगळी वर्षं काढली होती. इस्लामपूरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा एक फ्लॅट तिने स्वतः हेरला होता, पाटल्या मोडून विसाराचे पैसेही भरले होते. बिल्डर भला माणूस, दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला होता. आणि क्वार्टर दिवाळीच्या आत रिकामं करायचं होतं.

“मग माझ्याकडे या,” असं म्हणायची सोय नव्हती. मी एकुलती एक, सांगलीला दिलेली. नाना माझ्या घरी यायचे ते सकाळच्या एसटीने आणि जायचे ते संध्याकाळच्या. मुलीच्या घरी त्यांनी कधी रात्र काढली नाही. मी रडून पाहिलं, माझ्या सासूबाईंनी स्वतः आग्रह करून पाहिला. नाना हात जोडून हसायचे आणि पिशवी उचलायचे.

गंमत अशी की शुभ्रमार्गावरचं त्यांचं मन तोवर उडालेलं होतं. तिथे त्यांना धान्यकोठाराच्या काट्यावर बसवलं होतं, आणि ही मोठी चूक झाली त्या लोकांची. पुढच्या दाराने येणारी पोती आणि मागच्या दाराने व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणारी पोती, नानांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी माधवभाऊंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सेवा बदलली, चपला लावायला. नानांनी दिवसभर चपला नीट जोडीजोडीने लावल्या, घरी आले, आणि पुन्हा तिकडे गेले नाहीत.

पण पैसे परत मागायचे म्हटलं की म्हणायचे, “उदक सोडलंय मी त्यावर. दिलेलं मागायचं नसतं.”

“नाना, त्या लोकांनी फसवलं तुम्हाला.”

“त्यांनी फसवलं असेल. मी दिलं ते खरंच दिलं.”

मी वकिलांकडे गेले. त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “विधीला आई शेजारी होत्या?” होती म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “तक्रार करता येईल. वर्षं जातील. आणि सही वडिलांची लागेल. देतात का ते?”

आश्रमाच्या कार्यालयात तर मी किती खेटे घातले. एकदा तातांचं अनुष्ठान चालू होतं. एकदा हिशेबनीस पुण्याला गेले होते. एकदा भेट झाली, तर तातांनी पाटीवर ‘शुभं भवतु’ लिहिलं, माधवभाऊंनी ते गदगदून वाचलं, आणि पाटी पुसली गेली. प्रत्येक वेळी हातावर साखरफुटाणे मिळायचे. त्या साखरफुटाण्यांचा मला अजून राग आहे.

मग वर्तमानपत्रांनी जोर धरला, चौकशीची मागणी व्हायला लागली, आणि शुभ्रमार्गाने एक नामी जाहीर निवेदन काढलं. ज्या कुणाला आपलं दान परत हवं असेल त्याने पौर्णिमेच्या सभेत उभं राहून मागावं, आम्ही तिथल्या तिथे परत देऊ. झालं! टीका करणाऱ्यांची तोंडं बंद. मीसुद्धा खुळ्यासारखी आनंदले. मग मिरजेच्या आवटीबाई भेटल्या. निवृत्त नर्स. आदल्या पौर्णिमेला त्या दान परत मागायला उभ्या राहिल्या होत्या.

“काही करत नाहीत हो,” त्या म्हणाल्या, “एकच प्रश्न विचारतात. देताना मनापासून दिलं होतं का?”

“मग?”

“हो म्हटलं तर म्हणतात, मग ते तुमचं राहिलंच कुठे? आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतो. नाही म्हटलं तर म्हणतात, म्हणजे त्या दिवशी देवासमोर खोटं बोललात. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे तिथेच बसलेले असतात. काय बोलणार? मी हो म्हणाले. नारळ दिला त्यांनी मला.”

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच भांडण चालू झालं. मी नानांना पढवत होते, आणि नाना पढत नव्हते.

“एक शब्द म्हणायचाय, नाना. नाही. एवढाच.”

“पण मी दिलं होतं मनापासून.”

“आईच्या डोक्यावर छप्पर येईल एका शब्दाने!”

“शब्द लहान असला म्हणून खोटा चालतो का?”

मी ताट आपटलं, खोटं कशाला सांगू. जन्मदात्या बापाला नाही नाही ते बोलले. नाना ऐकून घेत राहिले. त्यांनाही घर हवं होतं, आईसाठी तर हवंच होतं. रात्रीचे उठून बसायचे, असं आई सांगायची. पण जन्मभर काटा सरळ धरलेला माणूस, त्याला वाकडा धरायला सांगितलं की त्याचे हातच चालेनात.

शेवटी आई मला म्हणाली, “तू त्यांना पढवू नकोस. काय बोलायचं ते त्यांचं त्यांना बोलू दे. फक्त सभेला जाऊ या.”

“जाऊन काय करणार?”

“बघू,” ती म्हणाली आणि भाजी परतायला लागली.

तर असे आम्ही त्या पौर्णिमेला कमानीतून आत गेलो. मी एक काम मात्र करून ठेवलं होतं. सांगलीच्या एका दैनिकाच्या वार्ताहराला, पवारांना, सभेला बोलावून ठेवलं होतं. त्यांना आमच्याविषयी फार कळवळा होता असं नाही. पण बातमीचा वास त्यांना लांबून यायचा. ते पहिल्या रांगेत कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते.

माधवभाऊ दारातच भेटले. गोरेपान, गुबगुबीत, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. नानांच्या पायांना हात लावून म्हणाले, “काका, किती दिवसांनी! तात रोज आठवण काढतात.”

“बोलत नाहीत ना ते?” मी विचारलं.

“पाटीवर, ताई, पाटीवर,” माधवभाऊ जराही न गडबडता म्हणाले.

हॉल खच्चून भरलेला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि सगळीकडे पांढरं. आमच्या क्वार्टरच्या ओळीतली दोन-तीन कुटुंबंही मला दिसली. समोर उंच आसनावर तात, मांडीवर पाटी. त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत त्यांची वचनं रंगवलेली होती. बाजूला पाटावर आश्रमाचे वृद्ध गुरुजी बसले होते. सगळे विधी तेच सांगायचे.

आरती झाली, भजन झालं. मग माधवभाऊंनी माइक घेतला. “आज आपले जुने साधक, सन्माननीय तासगावकरकाका आपलं दान परत मागायला आले आहेत. शुभ्रमार्गात कुणावर सक्ती नसते. काका, या.”

नाना पुढे जाऊन उभे राहिले. धुतलेला सदरा, हातात टोपी. एवढ्या माणसांसमोर ते कधी उभे राहिले नसतील. मला त्यांची एकदम दया आली. सगळा आठवडा त्यांच्याशी भांडले याचं वाईट वाटलं.

“काका, एकच विचारतो. देताना मनापासून दिलं होतं का?”

“हो,” नाना म्हणाले, “मनापासून दिलं होतं.”

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं, गेलं घर. माधवभाऊ दोन्ही हात उंचावून टाळ्या थांबवत होते. “ऐकलंत? याला म्हणतात साधक! मग काका, जे मनापासून दिलं ते आता तुमचं…”

“मला बोलायचंय.”

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आई उठून मधल्या वाटेने पुढे निघाली होती. माझी आई, जी दुकानदाराशी घासाघीस करायलासुद्धा मला पुढे करायची!

“काकू, देणारे काका आहेत,” माधवभाऊ हसत म्हणाले.

“म्हणूनच बोलायचंय. त्यांनी दिलं. मी नाही दिलं.”

“म्हणजे?”

“उदक सोडताना मी हाताला हात लावला नव्हता.”

ज्यांच्या घरी पूजा होतात त्यांना हे सांगायला नको. यजमान तळहातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडतो, तेव्हा गुरुजी बायकोला सांगतात, यजमानांच्या हाताला हात लावा. एरवी कुणी त्याकडे फारसं लक्ष देत नाही. कुणी बोट टेकवतं, कुणी दर्भाची काडी लावतं. पण शुभ्रमार्गात हा कडक नियम होता. विवाहित पुरुषाचं दान बायकोला शेजारी बसवून, तिचा हात लागल्याशिवाय घ्यायचंच नाही. उद्या बायकोने येऊन भांडायला नको, ही त्यामागची हुशारी आमच्या वकिलांनी ओळखली होती. तातांनी तर त्याचं वचनच करून टाकलं होतं. ते त्यांच्याच डोक्यामागे भिंतीवर होतं, ‘सहधर्मिणीच्या स्पर्शावाचून दान पोचत नाही.’

आईने त्या भिंतीकडे बोट वगैरे दाखवलं नाही. ती नुसती वर बघत राहिली, आणि हळूहळू सगळा हॉल तिकडे बघायला लागला.

माधवभाऊंचं हसू जरा आखडलं. “काकू, आपल्याकडे प्रत्येक विधीचे फोटो असतात.”

“काढा की. पदर दिसेल माझा.” तिने दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर जरासा उचलून दाखवला. “असाच घेतला होता. हात आत होता. यांच्या हातापासून चार बोटं लांब.”

“मग त्याच वेळी का नाही बोललात?”

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली. “आजसुद्धा यांनाच विचारलंत, मनापासून दिलं का म्हणून. ते हो म्हणाले. त्यांनी दिलंच होतं मनापासून. माझं घर जायचं होतं त्यात. मला कुणीच विचारलं नाही.”

बायकांच्या बाजूने एक कुजबुज उठली. ती टाळ्यांसारखी मोठी नव्हती, पण थांबतही नव्हती. मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, “खरं बोलतात त्या.” पवारांची वही निघाली.

माधवभाऊ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एक क्षण विचार केला आणि माइक घेऊन ते नानांकडे वळले. आता त्यांच्या आवाजात पुन्हा साखर आली होती. “काकूंची माया आहे, चालायचंच. आपण काकांनाच विचारू. काका, तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आता इथेच बघितलं आपण. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य. काकूंचा हात लागला होता की नव्हता?”

नानांच्या लक्षात असेल का? त्या घाईत, मंत्रांच्या गलबल्यात, त्यांनी तिकडे पाहिलं तरी असेल का? माहीत नाही म्हणाले तर संपलंच.

नानांनी आईकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. टोपी त्या हातात होती, ती त्यांनी डाव्या हातात घेतली आणि तळवा उघडून बघत राहिले.

“नव्हता,” नाना म्हणाले.

“काका, नीट आठवून…”

“नव्हता म्हणालो मी.”

माधवभाऊंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी तपकिरीची डबी हातात फिरवत होते. त्यांनाही या वयात कुठे तोंडघशी पडायचं नसावं. “हात नसेल तर संकल्प पुरा नाही,” ते म्हणाले. “मी काय वेगळं सांगणार? भिंतीवर आहे तेच.”

तातांनी खडू उचलला. पाटीवर काहीतरी लिहिलं. माधवभाऊंनी वाचलं, पण मोठ्याने नाही. तातांचा हात पाटी पुसायला वळला तसे पवार कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. “जरा थांबा, तात. फोटो होऊ दे.” तातांचा हात तसाच हवेत राहिला. मग माधवभाऊंना वाचावंच लागलं.

“परत द्यावे.”

या वेळी टाळ्या बायकांनी वाजवल्या.

हॉलमधलं काम असं झटक्यात झालं, कार्यालयातलं कसलं होतंय! हिशेबनीस जेवायला गेले. मग चेकबुकाच्या कपाटाची किल्ली सापडेना. मग दुसऱ्या सहीचे विश्वस्त विश्रांती घेत होते. पवार दारातल्या खुर्चीत पाय पसरून बसले आणि आश्रमाचा चहा मागवून मागवून पीत राहिले. “माझी बातमी चेकच्या फोटोशिवाय पुरी होत नाही,” असं दर चहाला ते माधवभाऊंना सांगत. दिवस कलता कलता चेक हातात आला. साखरफुटाणेही पुढे आले. ते मी घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत मी चेक ब्लाऊजमध्ये ठेवून वर हात दाबून बसले होते. नाना खिडकीशी, आई त्यांच्या शेजारी. मधल्या एका स्टँडवर नानांनी खिडकीतून शेंगा घेतल्या, सोलून सोलून दाणे आईच्या तळहातावर ठेवत राहिले, आणि ती खात राहिली. मला वाटलं, सुटले नाना. दिलेलं मागण्याचं ओझं होतं त्यांच्या मनावर. दान झालंच नव्हतं म्हटल्यावर मागण्याचा प्रश्नच उरला नाही.

चेक वटेल की नाही या धास्तीने माझी झोप उडाली होती. बँकेत गेले त्या दिवशी काउंटरवरच्या बाईने पासबुक छापून माझ्यासमोर सरकवलं. आकडा पाहिला आणि मी तिथेच, फॉर्म भरणाऱ्या लोकांच्या गर्दीत, हमसून हमसून रडले. त्या बिचारीला वाटलं, कुणीतरी गेलं. मी म्हटलं, “नाही हो, आलं!” मग तीही हसायला लागली. बाहेर पडून मी एसटीडी बूथवरून क्वार्टरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई धावत आली होती, फोनवर तिला दमच लागला होता. “आले,” मी म्हटलं. मग ती म्हणाली, “बरं. जेवलीस का तू?”

दसऱ्याच्या आधी घराचा व्यवहार झाला. पहिला खिळा आईने स्वतः मारला. तो वाकडा गेला, पोपडा निघाला, आणि नाना शेजारी उभे राहून म्हणाले, “मार, मार. भिंत आपली आहे.” त्या घरात ते अकरा वर्षं राहिले. गॅलरीत कुंड्या लावल्या, खालच्या भाजीवाल्याचा काटा स्वतः दुरुस्त करून दिला, सोसायटीच्या पाण्यावरून चेअरमनशी तत्त्वाचं भांडण केलं. शुभ्रमार्गाचं नाव पुन्हा काढलं नाही. गेले ते त्याच घरातून, झोपेत.

सभेची गोष्ट मी पुढे कितीजणांना सांगितली असेल. माझी आई किती दूरदृष्टीची, सगळे माना डोलवत असताना हिने पदराआड हात मागे ठेवला, नि त्या चार बोटांच्या अंतराने आमचं घर वाचलं. लोक वाहवा करायचे. आई समोर असली तर उठून आत जायची. मला वाटायचं, लाजते.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, साठीची शांत झाली. घरात पन्नासेक माणसं, होमाचा धूर, मुलांचा गोंधळ. गुरुजी म्हणाले, “यजमानांच्या हाताला हात लावा.” माझे हात हळदीकुंकवाने माखलेले, मी मिलिंदच्या मनगटाला नुसतं बोटाचं टोक टेकवलं.

“असा नाही,” मागून खुर्चीतून आई म्हणाली, “नीट धर.”

जेवणं आटोपल्यावर ती आतल्या खोलीत लवंडली होती. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. अंग आंबलं होतं, पण मन खुशीत होतं. तिची चेष्टा करायची लहर आली.

“काय गं, मला सांगतेस नीट धर म्हणून. तू तर चार बोटं लांब ठेवला होतास.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? तूच. भरसभेत.”

“सभेत सांगितलं तसं,” आई म्हणाली. तिने कूस बदलली आणि माझ्याकडे तोंड केलं. “चांगला घट्ट धरला होता. एवढं सगळं देऊन टाकताना यांचा हात थरथरायला लागला होता, सगळं पाणी धोतरावर सांडलं असतं. मी खालून तळवा धरला, तेव्हा कुठे ते ताम्हनात पडलं.”

बाहेर कुणीतरी मला हाक मारत होतं. मी ओ दिली नाही. हॉलमध्ये माइकसमोर उभे असलेले नाना मला दिसत होते.

“म्हणजे तू… आणि नानांना ते आठवलंच नाही? ते नव्हता म्हणाले ते… त्यांना कळलं नव्हतं?”

“न कळायला काय झालं?” आई म्हणाली. “हात त्यांचाच होता ना.”